चुना मूलद्रव्य होता तेव्हा

आपल्या शाळांतून सातवी-आठवीच्या सुमारास मुलांना रसायनशास्त्राची पहिली ओळख करून दिली जाते, तेव्हा त्यांच्या पदरात दोन व्याख्या पडतात. ज्याचे रासायनिक उपायांनी अधिक साध्या पदार्थांत विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, आणि दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या ठराविक प्रमाणातील संयोगाने जे बनते ते संयुग. या व्याख्यांत खोटे काही नाही. त्या पाठ करणारा विद्यार्थी लोखंड, तांबे, गंधक, प्राणवायू ही नावे एका रकान्यात आणि पाणी, मीठ, साखर, चुना ही दुसऱ्या रकान्यात बिनचूक भरतो, आणि विषय समजला असे त्याला व त्याच्या शिक्षकांना प्रामाणिकपणे वाटते. परंतु त्याच विद्यार्थ्यापुढे गंधकाचा एक खडा आणि कळीच्या चुन्याचा एक खडा ठेवून, यांतील मूळ कोणता आणि जोडून झालेला कोणता हे पुस्तक मिटून सांग, असे म्हटले तर तो गोंधळतो; आणि त्याने गोंधळावे हेच योग्य होय, कारण रंग, वास, काठिण्य, चकाकी यांपैकी एकही लक्षण त्याच्या साह्याला येणारे नसते. दोन्ही खडे सारखेच एकजिनसी, सारखेच मुके. मूलद्रव्यत्व हा पदार्थाच्या अंगावर दिसणारा गुणच नव्हे. तो प्रदीर्घ चौकशीअंती दिलेला फैसला आहे. मुलांना केवळ फैसला ऐकवायचा आणि चौकशीचे कागद दप्तरात बांधून ठेवायचे ही जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्यामुळे या विषयातील विचार करण्याजोगा भाग नेमका गळून पडतो, असे माझे म्हणणे आहे.

चुन्याचेच प्रकरण पाहू, कारण मीठ वगळले तर त्याच्याइतका घरोब्याचा रासायनिक पदार्थ आपल्याकडे दुसरा सापडणार नाही. पानाच्या तबकातील डबीपासून गडांच्या तटबंदीपर्यंत त्याचा संचार. चुना मळण्याच्या दगडी घाण्यांची वर्तुळे अनेक किल्ल्यांवर आजही दिसतात, आणि मुंबईच्या एका वस्तीला तर चुनाभट्टी हेच नाव आहे. चुनखडी, शिंपले, संगमरवर, यांपैकी काहीही भट्टीत नीट भाजले की कळीचा चुना हाती येतो; त्यावर पाणी ओतले की तो खदखदतो, फुलतो आणि विरून त्याची पांढरी भुकटी होते. एवढे भट्टीवाल्यालाही ठाऊक होते. त्याला जे ठाऊक नव्हते, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील पंडितांनाही जे ठाऊक नव्हते, ते हे की निरुपद्रवी चुनखडीच्या अंगी जीभ पोळणारा दाहक गुण येतो कोठून. प्रचलित समजूत अशी होती की भट्टीतील अग्नीचा काही अंश दगडात शिरून बसतो आणि पाणी लागताच तो उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. चुना विरताना ज्याने हात पोळून घेतला आहे त्याला ही समजूत हास्यास्पद वाटणार नाही.

स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात या समजुतीला उत्तर दिले ते तर्काने नव्हे, तराजूने. अग्नी आत शिरत असेल तर वजन वाढावे, निदान घटू तरी नये. पण प्रत्यक्षात ते मोठ्या प्रमाणात घटते. आजच्या आकड्यांत सांगायचे तर १०० भाग शुद्ध चुनखडी भाजली की ५६ भाग चुना उरतो आणि ४४ भाग एक वायू निघून जातो. तोच वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते आणि तळाशी पुन्हा चुनखडीच बसते. म्हणजे दाहकता ही भट्टीने दिलेली देणगी नसून भट्टीने काही काढून घेतल्यावर उघडा पडलेला चुन्याचा मूळ स्वभाव होता. चुनखडी संयुग ठरली, आणि तिचा एक घटक, ज्याला आपण कर्बवायू म्हणतो, तो हाती लागला. प्रश्न राहिला दुसऱ्या घटकाचा. उरलेला चुना कितीही तापवला तरी वितळेना, वजनात घटेना, त्यातून काही निघेना. पुढे एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहांतून चुन्याचा गोळा प्रखर ज्वालेत तापवून त्याचा शुभ्र प्रकाश रंगमंचावर टाकीत असत, इतका हा पदार्थ अग्नीला दाद न देणारा. ज्याला आग फोडू शकत नाही त्याला मूळ का मानू नये?

आंत्वान लाव्हाझिये याने १७८९ साली पॅरिसमध्ये आपला रसायनशास्त्रावरील प्राथमिक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात साध्या पदार्थांची एक यादी दिली आहे. तिच्यात एकूण ३३ नावे आहेत आणि त्यांत चुना आहे. मॅग्नेशिया, अल्युमिना आणि गारगोटीचे द्रव्य सिलिका हीही आहेत; एवढेच नव्हे, तर प्रकाश आणि उष्णता हीसुद्धा पदार्थ म्हणून आरंभीच मांडलेली आहेत. आजचा आठवीतला मुलगा ही यादी तपासू लागला तर तिच्यावर लाल शाईच्या पुष्कळ रेघा ओढील, आणि आधुनिक रसायनशास्त्राच्या जनकाला जेमतेम उत्तीर्ण करील. परंतु यादीबरोबर लाव्हाझियेने जी अट घातली होती ती त्या मुलाच्या पुस्तकात बहुधा नसते. हे पदार्थ खरोखरच मूळ आहेत असा आपला दावा नाही, आजवर उपलब्ध असलेल्या कोणत्याही साधनाने ते फोडता आलेले नाहीत एवढेच आपण म्हणतो, आणि उद्या कोणी फोडून दाखवले तर यादीतून नाव कमी करावे, अशा आशयाची ती अट होती. चुना आणि त्याच्या जातीचे इतर मातकट पदार्थ यांच्याविषयी तर त्याने संशयही नोंदवला होता की बहुधा हे कोणत्यातरी अज्ञात धातूंचे प्राणवायूशी झालेले संयोग असावेत. तरीही, पुरावा हाती नाही तोवर केवळ संशयावरून नाव खोडायचे नाही, असे त्याने चुन्याच्या बाबतीत ठरवले. सोडा आणि पोटॅश यांच्या बाबतीत मात्र संशय अधिक बळकट वाटल्याने ती नावे त्याने यादीत घेतलीच नाहीत. या थोड्याशा विसंगतीमुळे मला तो मनुष्य अधिकच विश्वासार्ह वाटतो. हा गृहस्थ फ्रान्सच्या राजाचे कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या मंडळीतील एक भागीदार होता, आणि त्या मक्त्यापायीच १७९४ साली क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला. पण मक्तेदाराची जमाखर्चाची शिस्त त्याने प्रयोगशाळेत आणली, भांड्यात गेलेले आणि भांड्यातून आलेले यांच्या वजनाचा मेळ बसल्यावाचून निष्कर्ष काढायचा नाही हा त्याचा कटाक्ष होता, आणि रसायनशास्त्राला तिचा जो लाभ झाला तो फ्रान्सच्या खजिन्याला झालेल्या लाभापेक्षा फार टिकाऊ ठरला.

त्याच्या संशयाचा निकाल लागण्यास नवे साधन यावे लागले. १८०० साली व्होल्टाने विद्युतघटांची चळत जगापुढे ठेवली, आणि त्याच वर्षी इंग्लंडात निकल्सन आणि कार्लाइल यांनी तिच्या प्रवाहाने पाणी फोडले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही याने १८०७ साली वितळलेल्या पोटॅशमधून आणि सोड्यातून प्रवाह सोडून पोटॅशियम व सोडियम हे दोन अपूर्व धातू मिळवले, आणि पुढच्याच वर्षी चुन्याची पाळी आली. चुना वितळवणे अशक्यप्राय. तेव्हा बर्झेलियस व पाँटिन यांनी स्टॉकहोमहून सुचवलेल्या मार्गाने जाऊन डेव्हीने ओलसर चुन्यातून निघणारा धातू पाऱ्यात पकडला आणि मग पारा उडवून लावला. मागे राहिला कॅल्शियम. ५६ भाग चुन्यात ४० भाग कॅल्शियम आणि १६ भाग प्राणवायू, असा हिशेब पुढे पक्का झाला. १७८९ ते १८०८ या एकोणीस वर्षांत चुन्यात तिळमात्र फरक पडला नव्हता. आग ज्याला फोडू शकत नव्हती त्याला वीज फोडू शकली, इतकेच.

उलट दिशेचाही एक खटला याच काळात चालला. शेले याने १७७४ साली मिळवलेला क्लोरीन हा पिवळट हिरवा, घसा कोंडणारा वायू लाव्हाझियेच्या मते संयुग होता, कारण प्रत्येक आम्लात प्राणवायू असलाच पाहिजे असा त्याचा सिद्धांत होता आणि हा वायू आम्लापासून निघालेला होता. डेव्हीने पांढरा होईपर्यंत तापवलेला कोळसा त्या वायूत ठेवून पाहिला. प्राणवायू असता तर कोळशाने तो ओढून घेतला असता. पण काहीच घडले नाही, आणि १८१० साली डेव्हीने हा पदार्थ मूलद्रव्य असल्याचे जाहीर केले. बर्झेलियससारखा चिकित्सक माणूस त्यानंतरही जवळजवळ दहा वर्षे ते मान्य करावयास तयार नव्हता. संयुगाचे मूलद्रव्य झालेला हा पदार्थ आज नळाच्या पाण्याला येणाऱ्या वासावरून घरोघरी परिचित आहे.

या दोन प्रकरणांतून तर्कशास्त्राचा एक मुद्दा निघतो, जो बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उत्तम समजू शकतो आणि पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. एखादा पदार्थ संयुग आहे हे सिद्ध करण्यास एक यशस्वी प्रयोग पुरतो. मूलद्रव्य आहे हे सिद्ध करण्यास हजार अयशस्वी प्रयोगही पुरत नाहीत. कॅल्शियमचा एक कण दिसला आणि चुन्याचे प्रकरण कायमचे मिटले. क्लोरीनच्या बाबतीत मात्र, आमच्याने तो फुटला नाही, यापलीकडे डेव्हीजवळ पुरावा नव्हता. दोन व्याख्या शेजारी शेजारी छापल्या की त्या एकाच वजनाच्या वाटतात. वस्तुतः एक विधान घडलेल्या गोष्टीविषयी आहे आणि दुसरे न घडलेल्या गोष्टीविषयी. मोसांडर याने १८४१ साली शोधलेले डिडिमियम हे या दुसऱ्या प्रकारच्या विधानावरच मूलद्रव्य म्हणून चार दशके नांदले, १८६९ च्या मेंडेलीव्हच्या सारणीतही त्याला जागा मिळाली, आणि १८८५ साली आउअर फॉन वेल्सबाख याने त्यातून दोन वेगळी मूलद्रव्ये काढून दाखवताच ते नाव इतिहासजमा झाले.

यावर शिक्षक म्हणतील की, इतक्या लहान वयात असा अनिश्चिततेचा घोळ घातला तर मुलांच्या हाती काय राहील? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तराजूत आहे. भस्म आणि धातू यांविषयीचा जुना वाद मुलांसमोर मांडून पाहावा. शिसे किंवा कथील हवेत पुष्कळ तापवले की त्याची भुकटी होते. अठराव्या शतकातील बहुसंख्य रसायनज्ञ असे मानीत की भुकटी हाच साधा पदार्थ असून धातू हे त्या भुकटीचे आणि ‘फ्लॉजिस्टन’ नामक ज्वलनतत्त्वाचे संयुग आहे. तापवताना ते तत्त्व उडून जाते आणि राख मागे राहते. सामान्य माणसाची बुद्धी याच बाजूला झुकते, हे कबूल केले पाहिजे. चकाकणारी, ठोकून वाढणारी, तार ओढली जाणारी संपन्न वस्तू जळून निस्तेज भुकटी उरली, तर काहीतरी गेले असेच कोणीही म्हणेल. लोहभस्म किंवा ताम्रभस्म घोटणाऱ्या वैद्यालाही धातूचे शुद्ध सार आपल्या हाती उरले असेच वाटत आले आहे. पण भुकटी वजनाने जड भरते. लाव्हाझियेने १७७२ साली गंधक आणि फॉस्फरस जळताना त्यांचे वजन वाढते हे पाहिले, आणि पुढील काही वर्षांत त्या वाढीव वजनाचा धनी, म्हणजे हवेतील प्राणवायू, त्याने शोधून काढला. मूळ ठरला तो धातू, आणि राख ठरली संयुग. डोळ्यांनी दिलेली साक्ष पूर्णपणे उलटली.

या वादातून मुलांना देण्याजोगा नियम असा: मूलद्रव्यावर कोणतीही रासायनिक क्रिया करा, त्यातून निघणारा सगळा पदार्थ गोळा करून तोलला तर तो मूळ वजनापेक्षा कधीही कमी भरत नाही. ३२ ग्रॅम गंधक जाळले की तो नाहीसा झाला असे वाटते, परंतु निघालेला उग्र वायू कोंडून तोलला तर बरोबर ६४ ग्रॅम भरतो. ज्या क्षणी एखाद्या पदार्थापासून त्याच्याहून हलका असा एखादा पदार्थ वेगळा काढता आला, त्या क्षणी तो मूलद्रव्य नाही हे ठरले. वायूंना मोजदादीतून निसटू देऊ नये एवढी काळजी घेतली की हा नियम सातवीच्या मुलाच्या हातातले हत्यार होतो, आणि अनिश्चिततेचा प्रश्न आपोआप सौम्य होतो. कारण व्याख्या डळमळली तरी पद्धत डळमळत नाही.

खरी अडचण मूलद्रव्य आणि संयुग यांच्या सीमेवर नसून संयुग आणि मिश्रण यांच्या सीमेवर आहे. पितळ हे संयुग आहे असे सांगणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि त्यांचे म्हणणे अगदी निराधार नाही. तांब्याहून व जस्ताहून पितळ दिसावयास, ठोकावयास निराळेच असते, तर मग ते संयुग का नव्हे? उत्तर असे की जस्त थोडे अधिक घाला, थोडे कमी घाला, पितळ पितळच राहते. संयुगाला असा मोकळेपणा नसतो. याचा सर्वांत सुंदर दाखला मला आपल्याकडील रसशास्त्रात आढळतो. वैद्य लोक पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करतात, आणि ती काचेच्या कूपीत भरून वालुकायंत्रावर तापवून कूपीच्या गळ्याशी जमणारा तांबडा रससिंदूर काढतात. पाऱ्याच्या बरोबरीने गंधक घातला तर समगुण, सहापट घातला तर षड्गुण, असे त्याचे प्रकार मानलेले आहेत. परंतु रसायनाच्या दृष्टीने तो तांबडा पदार्थ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड, आणि त्यात १०० भाग पाऱ्याशी केवळ १६ भाग गंधक बांधला जातो. बाकीचा सगळा गंधक कूपीतून जळून आणि उडून जातो. सहापट द्या नाहीतर बरोबरीने द्या, पारा आपला १६ चा वाटा घेऊन मोकळा होतो. औषधी गुणांच्या वादात मला येथे शिरायचे नाही; पण स्थिर प्रमाणाचा नियम वैद्यांच्या भट्टीत शेकडो वर्षे डोळ्यांसमोर घडत असूनही त्याचे सूत्र कोणी बांधले नाही, कारण कूपीत भरलेल्या मालाचे माप ग्रंथांत होते आणि कूपीतून उडालेल्या मालाचे कोणी ठेवले नाही.

ते सूत्र बांधले प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञाने, स्पेनमध्ये अध्यापन करीत असताना. खाणीतून निघणारे तांब्याचे हिरवे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत तयार केलेले तेच कार्बोनेट यांचे घटक एकाच प्रमाणात आहेत हे त्याने १७९९ च्या सुमारास दाखवले. त्याला विरोध केला बर्थोले याने, जो नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेत जाऊन आलेला, लाव्हाझियेचा सहकारी आणि त्या काळच्या अग्रगण्य रसायनज्ञांपैकी एक होता. त्याचे म्हणणे असे की घटक किती असतील ते परिस्थितीवर अवलंबून असते. मिश्रधातू पाहा, काच पाहा, द्रावणे पाहा, त्यांत प्रमाण कोठे ठरलेले आहे? प्रूस्तचे उत्तर: ती संयुगेच नव्हेत, ती मिश्रणे आहेत. अनेक वर्षे हा वाद चालला, आणि तो दोघांनीही अत्यंत सभ्यतेने चालवला. प्रूस्त जिंकला, आणि १८०८ साली डाल्टनने आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडल्यावर तर त्याच्या विजयाला कारणही मिळाले: अणू अखंड असतात, एकाला एक किंवा एकाला दोन असेच ते जुळणार, सव्वा अणू कोठून आणणार? पण थोडे थांबून विचार केला तर प्रूस्तच्या विजयात एक चलाखी दिसते. ज्याचे प्रमाण बदलते ते संयुगच नव्हे असे आधी ठरवले, तर कोणत्याही संयुगाचे प्रमाण बदलत नाही हा नियम कधीच मोडणार नाही. तो निसर्गाचा नियम न राहता बोलण्याचा करार होऊन बसतो.

गंमत पुढेच आहे. शाळेत संयुगाचा प्रयोग म्हणून जो सर्वत्र दाखवला जातो तो लोहकीस आणि गंधक यांचा. ७ ग्रॅम लोहकीस आणि ४ ग्रॅम गंधक यांच्या मिश्रणातून चुंबक लोखंड ओढून काढतो. तेच मिश्रण परीक्षानळीत तापवून लाल झाले की काळे लोह सल्फाइड बनते, आणि पुस्तकात लिहिलेले असते की आता चुंबक त्याला ओढणार नाही. कित्येकदा तो ओढतो. काही कीस गंधकाशी न जुळता राहिलेला असतो, किंवा बनलेल्या सल्फाइडात लोखंडाचे अणू गंधकाच्या अणूंहून किंचित कमी पडून ते स्वतःच चुंबकाला दाद देणारे झालेले असते. खनिजरूपात सापडणारे या जातीचे लोह सल्फाइड बहुतेक असेच, एकास एक या प्रमाणात थोडे उणे असलेले, आणि ते प्रमाणही नमुन्यागणिक बदलते. लोह ऑक्साइडाचा एक प्रकार तर असा की त्यात प्राणवायूच्या १०० अणूंमागे लोखंडाचे सुमारे ९५ च अणू असतात. विसाव्या शतकात अशा संयुगांना बर्थोलेचे नाव देऊन त्या पराभूत माणसाला उशिरा का होईना न्याय मिळाला. म्हणजे स्थिर प्रमाणाचा नियम शिकवण्यासाठी आपण निवडलेला पदार्थ हा त्या नियमाला न जुमानणाऱ्यांपैकी एक निघतो! अशा वेळी चुंबक चिकटलेला पाहून घाईने नळी बाजूला ठेवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांनी तसे करू नये. चुंबक का चिकटला, या प्रश्नावर एक संपूर्ण तास खर्च करण्याजोगा आहे, आणि त्या तासाला विद्यार्थी अधिक शिकतील.

हवेचे उदाहरण याच्या अगदी उलट. तिच्यात नत्रवायू सुमारे ७८ टक्के, प्राणवायू सुमारे २१ टक्के, आणि हे प्रमाण मुंबईच्या किनाऱ्यावर घ्या की महाबळेश्वरच्या पठारावर, कोरड्या हवेत तेवढेच. तरीही हवा मिश्रण. प्रमाण स्थिर असणे हे संयुगाचे लक्षण असले तरी पुरेसे लक्षण नव्हे. हवेतील प्राणवायू हवेत असतानाही प्राणवायूसारखाच वागतो, आणि हवा थंड करून द्रवरूप केली की नत्रवायू आधी उकळून निघतो व प्राणवायू मागाहून.

येथे त्या प्रश्नाशी येतो जो हुशार मूल हमखास विचारते आणि ज्याला आपण हमखास बगल देतो. सोडियम पाण्यात पडला की पेट घेतो. क्लोरीन १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर विष म्हणून सोडला गेला. आणि या दोहोंचे मीठ आपण रोज वरणात घालतो. मग ते पेटणे आणि ते विष गेले कोठे? संयुगात घटकांचे गुणधर्म राहत नाहीत, हे पुस्तकातील वाक्य म्हणजे उत्तर नव्हे, प्रश्नच निराळ्या शब्दांत परत केलेला. उत्तराचा मार्ग असा की मूलद्रव्य या एका नावाखाली आपण दोन गोष्टी ठेवतो. एक गोष्ट बरणीत भरता येते: मऊ, चकचकीत, रॉकेलाखाली ठेवावा लागणारा सोडियम धातू. दुसरी गोष्ट बरणीत कधीच भरता येत नाही: ती मिठातही असते, सोड्यातही असते, धातूतही असते, आणि या सर्व स्थित्यंतरांतून जात असताना तिचे जे एकच लक्षण अबाधित राहते ते म्हणजे तिचे वजन. मेंडेलीव्हने हा भेद आग्रहाने केला होता, आणि त्याची सारणी दुसऱ्या गोष्टीची आहे, पहिलीची नव्हे. हिरा, ग्रॅफाइट आणि काजळी या तिन्ही वस्तू रूपाने इतक्या भिन्न की नात्याचा संशयही येऊ नये. पण १७९७ साली स्मिथसन टेनंट याने हिरा जाळून निघालेला कर्बवायू मोजला, तेव्हा तो तितक्याच वजनाच्या कोळशापासून निघावा तेवढाच भरला. कार्बन म्हणजे हिरा नव्हे आणि कोळसाही नव्हे. दोहोंतून जो अबाधित जातो तो कार्बन. पेटणे हा सोडियम धातूचा धर्म होता, आणि धातू मिठात नाहीच. मिठात आहे ते दुसऱ्या अर्थाचे सोडियम. एवढे उमगले म्हणजे मिठातले विष कोठे गेले हा प्रश्न विरून जातो.

याच ठिकाणी पंचमहाभूतांचाही उल्लेख करणे प्राप्त आहे, कारण आमच्या पूर्वजांना मूलद्रव्ये पाचच वाटत होती असे कोणी उपहासाने म्हणतो, तर कोणी त्या पाचांत आधुनिक सारणीचे बीज शोधतो. दोघेही अन्याय करतात. पृथ्वीला गंध, जलाला रस, तेजाला रूप, वायूला स्पर्श आणि आकाशाला शब्द अशी जी सांगड आपल्या दर्शनांत घातलेली आहे, तिच्यावरूनच उघड आहे की ते वर्गीकरण इंद्रियांच्या अनुभवाचे आहे. भट्टीत घालून तोलण्याच्या वस्तूंचे नव्हे. ज्याने जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याला त्या प्रश्नात नापास करणे किंवा पहिला क्रमांक देणे, दोन्ही व्यर्थ.

आता कोणी म्हणेल की हा सगळा इतिहास झाला. आज मूलद्रव्याची व्याख्या याहून निर्विवाद आहे. ते खरे आहे. १९१३ साली मोझ्ली याने क्ष-किरणांच्या मोजणीवरून दाखवले की प्रत्येक मूलद्रव्याला एक पूर्णांक लाभलेला आहे, तो त्याच्या अणुगर्भावरील धनभाराचा आकडा, आणि त्या आकड्यांच्या रांगेत कोठे जागा रिकामी आहे हेही त्यावरून कळते. न फुटलेले म्हणून मूळ, हा नकारात्मक पुरावा तेव्हापासून गरजेचा राहिला नाही. रेडियमसारखे मूलद्रव्य आपोआप फुटते, १९१९ साली रदरफर्डने नत्रवायूचा अणुगर्भ फोडून दाखवला, तरी त्यांचे मूलद्रव्यत्व ढळले नाही. कारण आता ते आकड्यावर उभे आहे. आज अशी ११८ मूलद्रव्ये मान्य आहेत. म्हणूनच आपली पुस्तके अणूच्या गोल गोल चित्रांपासून आरंभ करतात, एकाच रंगाचे गोळे म्हणजे मूलद्रव्य, दोन रंगांचे जोडलेले गोळे म्हणजे संयुग. परंतु सातवीतल्या मुलाच्या दृष्टीने अणुगर्भावरील धनभार ही ऐकीव बातमी आहे. ती त्याला तपासता येत नाही, तिच्यावर शंका घेता येत नाही, ती फक्त पाठ करता येते. वजन त्याला तपासता येते. ज्ञानाचा शेवट जेथे झाला तेथून शिकवण्याचा आरंभ करणे हे सोयीचे असले तरी मुलाला त्यात करण्यासारखे काही उरत नाही.

माझी सूचना फार खर्चाची नाही. चुनखडी फोडण्यास लागणारी आच शाळेच्या दिव्याने मिळत नाही, तेव्हा प्रूस्तचेच हिरवे तांब्याचे कार्बोनेट घ्यावे. ते परीक्षानळीत तापवले की काही मिनिटांत काळे होते. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ होते आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब दिसतात. नमुना शुद्ध असेल तर २२१ भागांचे १५९ भाग उरतात. हिरवे संयुग होते, हे मुलांनी स्वतः सिद्ध केले. ती काळी भुकटी कोळशाच्या पुडीबरोबर जोराने तापवली की तांबूस धातू दिसू लागतो, आणि १५९ चे १२७ होतात. काळेही संयुग होते. आता त्या तांब्याला आणखी हलके करून दाखवा असे वर्गाला सांगावे आणि त्यांना जे सुचेल ते, अपायकारक नसेल तर, करू द्यावे. कोणी ते पुन्हा तापवील, ते काळे पडेल आणि तराजूचे पारडे खाली जाईल. कोणी गंधकाबरोबर तापवील, पारडे पुन्हा खालीच जाईल. एखादी मुलगी विचारील की, डेव्हीची वीज लावून पाहायची का, आणि मग शिक्षकांनी घट व तारा कपाटातून बाहेर काढाव्यात.